दोन चाकी ट्रॉलीचा भार हुकावर किती आणि कसा घ्यावा

"ट्रॅक्टर ओढून राहिला ना, मग भरा अजून." सोयाबीनच्या हंगामात हे वाक्य खळ्याखळ्यावर ऐकू येतं. ट्रॅक्टर ओढतो हे खरंच असतं. पण ओढणं हे मागच्या चाकांचं काम आणि वळणं हे पुढच्या चाकांचं. हुकावर भार वाढला की मागची चाकं जास्त पकड घेतात, ट्रॅक्टर आणखी जोमानं ओढतो, आणि तेवढ्याच वेळात पुढची चाकं हलकी होत जातात. गाडी मस्त चालली आहे असं वाटत असतानाच स्टिअरिंग हातातून सुटत असतं.

मी हे वावरातून रस्त्यावर चढताना अनुभवलं आहे. पुढे दुसऱ्या वावरातली पोती घ्यायची होती, म्हणून ट्रॉलीत मागे जागा सोडून सगळी थप्पी पुढच्या फाळक्याला, म्हणजे डब्याच्या पुढच्या फळीला, लावली होती. चढावर पुढची दोन्ही चाकं वीतभर वर आली. मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, चाकं हवेतच डावीकडे वळली, आणि ट्रॅक्टर समोरच्या नालीकडे सरळ चालत राहिला. क्लच दाबला तेव्हा चाकं धाडकन खाली आली आणि गाडी थांबली. माल जास्त नव्हता. तो चुकीच्या जागी होता.

ज्यानं बंडी हाकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भार मागे गेला की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. भार पुढे आला की बैलांच्या माना दबतात आणि बैल पाय अडवून उभे राहतात. ट्रॅक्टर असं काही सांगत नाही, म्हणून आपल्याला मोजावं लागतं.

पुढचं सगळं दोन चाकी ट्रॉलीसाठी आहे, कारण तिच्या मालाचा काही भाग कायम ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्या स्वतःच्या दोन्ही एक्सलवर असतो आणि हुकावर जवळजवळ येतच नाही. तिथे पुढचा-मागचा माल सारखा ठेवला आणि फिरत्या पुढच्या एक्सलला ग्रीस दिलं की भाराचं काम झालं.

टप्पा १ : माल भरण्याच्या आधल्या दिवशी

ट्रॅक्टर आणि ट्रॉली सपाट जागी जोडून उभी करा. टेपनं तीन अंतरं मोजा आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा. हे काम एकदाच करायचं आहे.

१. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत.
२. मागच्या एक्सलपासून हुकाच्या पिनपर्यंत.
३. हुकाच्या पिनपासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंत.

मग ट्रॉलीच्या एक्सलच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर, आतून आणि बाहेरून, एक उभी पांढरी रेघ ओढा. बहुतेक ट्रॉल्यांमध्ये एक्सल डब्याच्या मधोमध नसतो, थोडा मागे असतो. अंदाजानं "मधोमध भरा" सांगितलं की मजूर डब्याचा मध्य धरतात, एक्सलचा नाही. ही रेघ असली की कोणालाही नुसतं "रेघेच्या पुढे" आणि "रेघेच्या मागे" एवढं सांगून भागतं. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

त्याच दिवशी या गोष्टी हात लावून पाहा:

पिनला मधोमध खाच पडली आहे का? पडली असेल तर पिन बदला. पिनऐवजी सळईचा तुकडा किंवा बोल्ट कधीच घालू नका. पिनच्या खालची क्लिप जागेवर हवी, नाहीतर खड्ड्यात आदळल्यावर पिन वर उडते.

ट्रॉलीची कडी, जिच्यातून पिन जाते ती, एका बाजूनं झिजून पातळ झाली आहे का? नवी पिन आणि झिजलेली कडी ही जोडी चालत नाही.

ट्रॉलीच्या दोन्ही चाकांत हवा सारखी आहे का, कमानीचं (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) एखादं पान तुटलं आहे का? एका बाजूची कमान बसली की माल सारखा भरूनही ट्रॉली तिरपी उभी राहते आणि पांदणीच्या चाकोरीत त्याच बाजूला कलते.

ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं एकमेकांना जोडणारी पट्टी लावलेली आहे का? नांगरताना ती सोडलेली असते आणि हंगामात तशीच राहून जाते. भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

टप्पा २ : कडी कुठे अडकवायची

इथे सगळ्यात जीवघेणी चूक होते, म्हणून थोडं थांबतो.

ट्रॉली फक्त ट्रॅक्टरच्या पक्क्या ट्रेलर-हुकालाच जोडायची. टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी, किंवा मागच्या एक्सलला साखळी गुंडाळून, कधीही नाही. चिखलात फसलेली ट्रॉली काढताना घाईत नेमकं हेच केलं जातं. ओढ मागच्या एक्सलच्या पातळीवर किंवा त्याहून वर आली की चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उठतं, आणि तो चालवणाऱ्यावर मागे उलटायला क्षणभर पुरतो. ओढ जितकी खाली, तितका ट्रॅक्टर स्थिर.

लिफ्टच्या दोन हातांमध्ये बसवलेली भोकांची पट्टी हा दुसरा मोह. ती अवजारांसाठी आहे. तिला पक्के आधारदांडे लावले नसतील तर भरलेली ट्रॉली तिला वर-खाली झुलवते आणि हुकाची उंची रस्त्यात बदलत राहते.

हुकाला दोन-तीन उंचीची भोकं असतील तर ट्रॉली भरल्यावर समतल राहील असं सगळ्यात खालचं भोक निवडा. तपासायला ट्रॉलीच्या चेसिसची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजा. चार बोटांपर्यंतचा फरक मी चालवून घेतो, त्याहून जास्त नाही. नाक खाली गेलेल्या ट्रॉलीत सैल धान्य ब्रेक लागला की पुढे वाहत येतं. नाक वर असेल तर चढावर तेच मागे सरकतं.

> सावधान : कडी जुळवताना माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये उभा राहू नये. आधी ट्रॅक्टर मागे आणून थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, मगच पिन घालायला आत जा. "हो, हो, येऊ दे" म्हणत हातात कडी धरून उभं राहण्याची सवय पूर्ण बंद करा.

टप्पा ३ : रिकाम्या ट्रॅक्टरची दोन वजनं

पुढच्या वेळी जिनिंगवर किंवा बाजार समितीत जाल तेव्हा धर्मकाट्यावर, म्हणजे गाडीच्या वजनकाट्यावर, दोन आकडे घ्या. एकदा ट्रॉली सोडून फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा पूर्ण ट्रॅक्टर. चालवणारा सीटवर बसलेला असू द्या आणि पुढच्या प्रत्येक मापात तो बसलेलाच ठेवा. काट्यावर ब्रेक सोडलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. ब्रेक धरलेला असला तर पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताण राहतो आणि आकडा चुकतो.

कारवाले पुढच्या मडगार्डची उंची मोजून भाराचा अंदाज घेतात. ट्रॅक्टरवर ती युक्ती चालत नाही. कारच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग असते, भार कमी झाला की बोनेट वर उठलेलं दिसतं. साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला स्प्रिंग नसते. २०० किलो भार उतरला तरी डोळ्याला काही कळत नाही.

लेखभर एकच उदाहरण धरू. ट्रॅक्टर चालकासह २१०० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ८०० किलो. दोन एक्सलमध्ये २०० सेंटीमीटर. मागच्या एक्सलपासून हूक ७० सेंटीमीटर. हुकापासून ट्रॉलीचा एक्सल ३०० सेंटीमीटर. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत तीच.

टप्पा ४ : माल भरणं

भरण्याचा क्रम असा ठेवा. पहिली पोती रेघेवर, दोन्ही चाकांच्या वर. मग एक ओळ पुढे, एक ओळ मागे, अशी थर पूर्ण होईपर्यंत. थर पूर्ण झाला की दुसरा थर पुन्हा रेघेपासून. शेवटचा थर अर्धाच भरणार असेल तर तो रेघेच्या थोडा पुढे, मागे कधीच नाही.

मजूर मात्र नेहमी पुढच्या फाळक्यापासून सुरुवात करतात, कारण थप्पी फाळक्याला टेकते आणि सांडत नाही. ट्रॉली गच्च भरणार असेल तर शेवटी फरक पडत नाही. अर्धी भरणार असेल तर सगळा भार हुकावर जातो. म्हणून लक्षात ठेवा, जास्त धोका अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीत आहे. दोन वावरांतून माल घ्यायचा असेल तर पहिल्या वावरातली पोती रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरा, जागा वरच्या थरात सोडा.

मालामालात फरक आहे. सोयाबीन, तूर, चणा जड. ट्रॉली अर्धी रिकामी दिसते तेव्हा वजनानं ती भरलेली असते. कापसाचं उलट आहे. डबा भरून वर ढीग चढतो तरी वजन बेताचं असतं, पण उंची वाढल्यामुळे ती कुशीवर कलते. कापूस तुडवताना मजूर एकाच कोपऱ्यात उभे राहिले तर तो कोपरा दाबून भरला जातो, म्हणून त्यांना फिरतं ठेवा. शेणखत ओलं आहे की वाळलेलं, यावर त्याच ट्रॉलीचं वजन कितीतरी बदलतं. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे क्रेट नेणाऱ्यांचं एक बरं आहे, क्रेट मोजता येतात आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना वाटता येतात.

वावरातच हिशोब करायचा असेल तर पोत्यांवरून होतो. ६० किलोचं पोतं रेघेच्या १ मीटर पुढे असेल तर आपल्या उदाहरणात हुकावर २० किलो येतात (६० गुणिले १००, भागिले ३००). रेघेवरचं पोतं हुकावर काहीच टाकत नाही. रेघेच्या १ मीटर मागचं पोतं हुकावरून २० किलो उचलतं.

आता ५० पोती, म्हणजे ३००० किलो सोयाबीन घ्या. रिकाम्या ट्रॉलीचा स्वतःचा २०० किलो भार हुकावर आहे असं धरा.

थप्पी पुढे लावली आणि तिचा मध्य रेघेच्या १ मीटर पुढे आला, तर मालाचे १००० आणि ट्रॉलीचे २००, असे हुकावर १२०० किलो. पुढच्या चाकांवरून उतरलेला भार १२०० गुणिले ७० भागिले २०० म्हणजे ४२० किलो. पुढे उरले फक्त ३८०.

तीच पोती डबाभर पसरली आणि मध्य रेघेच्या २० सेंटीमीटर पुढे आला, तर मालाचे २०० आणि ट्रॉलीचे २००, हुकावर ४०० किलो. पुढून उतरले १४०. उरले ६६०.

माल तोच, ट्रॅक्टर तोच, हमालीही तीच. पुढच्या चाकांवर मात्र २८० किलोचा फरक.

> तपासा : ट्रॉली सोडलेली असताना तिची दांडी (कडी असलेला पुढचा दांडा) कधीही आपोआप वर उठता कामा नये. भरलेल्या ट्रॉलीचा भार हुकावर कायम खालीच हवा. रस्त्यात ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हलू लागली तर माल मागे जास्त आहे असं समजा आणि हळूहळू थांबा.

टप्पा ५ : भरलेल्या गाडीची तीन वजनं

पुन्हा धर्मकाटा. काटेवाल्याला आधीच सांगा की तीन आकडे हवेत. सावकाश चढत जा आणि तीनदा थांबा.

१. फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर.
२. पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर, ट्रॉलीची चाकं बाहेर.
३. सगळी गाडी काट्यावर.

दुसऱ्या आकड्यातून रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन वजा केलं की हुकावरचा खरा भार मिळतो. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हुकाची मर्यादा दिलेली असते, हा भार तिच्या आत हवा. पहिला आकडा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के हवा. आपल्या उदाहरणात ४२० किलो. म्हणजे ३८० नापास, ६६० पास. रस्त्यात चढ, पांदण किंवा नाल्याचं पात्र असेल तर मी २५ टक्क्यांच्या खाली निघत नाही, कारण हे आकडे सपाट काट्यावरचे आहेत. चढावर पुढची चाकं आणखी हलकी होतात.

काट्याजवळचा रस्ताही काट्याच्या पातळीत हवा. ट्रॉलीची चाकं उतारावर असतील तर आकडे फसवे येतात.

टप्पा ६ : दुरुस्ती, याच क्रमानं

आधी माल सरकवा. १० पोती १ मीटर मागे नेली की हुकावरून २०० किलो कमी होतात आणि पुढच्या चाकांवर ७० किलो परत येतात. याला पैसा लागत नाही.

मग माल कमी करा. दोन खेपा लागल्या तर लागू द्या.

तरीही कमी पडलं तरच पुढच्या बंपरवर कंपनीची लोखंडी वजनं लावा. पुढच्या एक्सलच्या ५० सेंटीमीटर पुढे लावलेलं १०० किलो वजन पुढच्या चाकांवर १२५ किलोचं काम करतं, कारण ते एक्सलच्याही पुढे आहे. पण ते माल हलवण्याला पर्याय नाही. पुढे वजन लावून हुकावर पुन्हा भार वाढवत गेलं तर हुकाचे बोल्ट, मागचे टायर आणि मागचा एक्सल ते सोसतात आणि एक दिवस सोसत नाहीत.

या तीन गोष्टी दुरुस्ती म्हणून केल्या जातात, त्या करू नका:

मागच्या टायरात पाणी भरणं. त्यानं मागची पकड वाढते. पुढच्या चाकांवर एक किलोही येत नाही.

बंपरला दगडांचं पोतं बांधणं. ते खड्ड्यात सुटतं आणि स्वतःच्याच चाकाखाली येतं.

बोनेटवर किंवा बंपरवर माणूस बसवणं. याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की चाकं आदळली की तो माणूस पुढे पडतो, आणि त्याच्या मागून ट्रॅक्टर येत असतो. कोणी कितीही म्हटलं तरी बसवू नका.

टप्पा ७ : पहिले शंभर मीटर

धर्मकाटा जवळ नसेल तर हा टप्पा दुप्पट काळजीनं करा.

माल भरण्याआधी रिकाम्या जोडणीसह धुळीच्या जागेवरून दहा पावलं ट्रॅक्टर न्या आणि पुढच्या टायरचा ठसा पाहा. पुढच्या टायरच्या लांब रेघा धुळीत खोल, कडा धरून उमटतात. भरल्यावर त्याच जागेवर पुन्हा चालवा. ठसा उथळ आणि कडा पुसट असेल तर चाक जमिनीला नुसतं स्पर्श करत चाललं आहे. बोट घालून खोली पाहिली तर फरक लगेच कळतो.

मग दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जात स्टिअरिंग वळवा. ते नेहमीपेक्षा हलकं लागलं, किंवा फिरवल्यावर ट्रॅक्टर क्षणभर सरळ जाऊन मग वळला, तर टप्पा ६ वर परत या. पॉवर स्टिअरिंग असेल तर हातावर विसंबू नका, त्यात ते कायमच हलकं लागतं. त्याऐवजी ट्रॅक्टर किती उशिरा वळतो ते पाहा.

शेवटी एक हलका ब्रेक लावा. ट्रॉलीनं मागून ढकलल्यासारखं जाणवलं तर रस्त्यावरचा वेग त्या हिशोबानं ठेवा.

> सावधान : चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच झटक्यानं सोडू नका. पुढची चाकं बहुतेक वेळा इथेच उचलली जातात. उचलली तर क्लच दाबा आणि लगेच ब्रेक धरा. एक्सलेटर वाढवू नका.

वावरातून रस्त्यावर चढायची जागा उभ्या चढाची असेल तर भरण्याआधीच फावड्यानं तिचा उतार मोडा. पाऊस झाल्यावर काळ्या मातीत तो पुन्हा खचतो, म्हणून प्रत्येक खेपेला बघा. बुलढाण्याजवळच्या राजूर घाटासारख्या उतारावर लागण्याआधी वर थांबून खालचा गिअर टाका. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर जाऊ नका. भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो.

टप्पा ८ : उतरवणं आणि सोडणं

इथे सगळा हिशोब मिनिटामिनिटाला बदलत असतो, आणि इथेच लोक सैल होतात.

मागचा फाळका उघडून माल उतरवत गेलात की आधी मागचा भार जातो आणि हुकावरचा वाढतो. पुढून उतरवलात तर उलट, ट्रॉली उलाळ होते आणि दांडी पिनसकट हुकाला वर खेचू लागते. म्हणून अर्धा माल एका ठिकाणी उतरवून पुढच्या गावी जायचं असेल तर उरलेली पोती आधी रेघेच्या दोन्ही बाजूंना वाटून घ्या, मगच निघा.

हायड्रॉलिक ट्रॉली उचलताना पिन जागेवरच ठेवा, जमीन सपाट आणि टणक निवडा, आणि वर विजेची तार नाही ना ते आधी पाहा. ओलं शेणखत डब्याला चिकटून वरच अडकलं असेल तर ट्रॅक्टर पुढे-मागे करून झटके देऊ नका. डबा खाली घ्या, खत फावड्यानं सैल करा, मग पुन्हा उचला.

पिन ओढण्याआधी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, दांडीखाली स्टँड किंवा लाकडी ओंडका द्या, आणि पिन बोटांनी गोल फिरवून पाहा. सहज फिरली आणि दांडी वर उठत नसेल तर पिन काढा. घट्ट असेल तर दांडी पिनवर ताण देते आहे. तेव्हा हातोडीनं ठोकून पिन काढली तर दांडी उसळून थेट हनुवटीवर येते. दांडी वर उचलत असेल तर आधी ट्रॉलीत चढून दोन-चार पोती पुढे सरकवा, खाली दाबत असेल तर मागे, पिन फिरायला लागली की मग काढा, आणि काढताना तोंड दांडीच्या वर आणू नका.